शेपटीकडचा मेहुणा

जगातली प्रत्येक मोठी संस्था थोड्या माणसांच्या कामावर चालते आणि बाकीच्यांच्या वजनावर टिकून राहते. हे सत्य सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते कागदावर मांडून त्यावर संचालक मंडळाची सही घ्यायला छाती लागते. ती छाती ज्या माणसाने दाखवली, त्याच्या कारकिर्दीची ही हकिकत. हा माणूस छताचे पंखे बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत वित्तप्रमुख होता आणि त्याआधी विमानवाहतुकीत होता. (विमानवाहतुकीत म्हणजे विमान चालवत होता, असा समज ऑफिसात पसरलेला होता. त्याने तो पसरवला नव्हता. पसरल्यावर झाडूही मारला नव्हता, इतकंच.)

विमानतळावर त्याचं काम वजनाचं होतं. विमान उडण्याआधी कोणीतरी बसून हिशोब करावा लागतो. माणसं किती, बॅगा किती, इंधन किती, आणि हे सगळं धरून विमानाचा तोल नेमका कुठे पडतो. पुढे भार जास्त झाला तर विमान नाक वर करत नाही, मागे जास्त झाला तर खाली घेत नाही. दोन्ही प्रकारांत प्रवाशांची गैरसोय होते. हा हिशोब करणारा माणूस मात्र कोणाच्या नजरेला पडत नाही. लोक वैमानिकाकडे कौतुकाने बघतात, हवाई सुंदरीला हसून निरोप देतात, आणि ज्याच्यामुळे आपण तोंडावर आपटलो नाही तो खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत बेरजा तपासत असतो.

त्या खोलीत तो दोन गोष्टी शिकला. पहिली ही, की हिशोबात प्रत्येक प्रवाशाचं वजन एकच धरायचं. दारातून आडवा शिरणारा पहिलवान येवो की फुंकर मारली तर उडेल असा शाळामास्तर, कागदावर दोघे सारखे. माणसांना इतकं समान वागवणारी दुसरी जागा पृथ्वीवर नाही. (एक आहे, पण तिथून परतीचं तिकीट मिळत नाही.) दुसरी गोष्ट अशी, की लहान विमान कधी कधी फारच रिकामं जातं आणि शेपटीकडे पुरेसा भार नसतो. तेव्हा मागच्या बाजूला वाळूच्या गोण्या ठेवतात. गोणीला पट्ट्याने बांधतात, तिची रीतसर नोंद करतात, आणि मुक्काम येईपर्यंत गोणीने एकच करायचं असतं. जागचं हलायचं नाही. तरुणपणी त्याने त्या गोण्यांकडे बघून अनेकदा उसासा टाकला होता. इतकी निर्धास्त नोकरी त्याने दुसरी पाहिली नव्हती.

पुढे संध्याकाळचे वर्ग करून त्याने वित्त व्यवस्थापनाची पदवी मिळवली आणि आपली चमक दाखवायची संधी शोधू लागला. संधी आसनाच्या पाठीवरच्या खिशात होती. विमानात प्रवाशांसाठी एक मासिक ठेवत. त्याने ते तराजूत घातलं आणि शिफारस केली की शेवटची दोन पानं काढावीत, विमान हलकं होईल. त्या पानांवर शब्दकोड्याची उत्तरं असत. पानं गेली. इंधन किती वाचलं हे कोणी मोजलं नाही, कारण मोजायचा खर्च बचतीहून जास्त झाला असता. पण बरेच प्रवासी आजही आडव्या सातपाशी अडकून पडलेले आहेत. या कामगिरीबद्दल त्याला वित्त विभागात बढती मिळाली. तिथून तो चढत चढत अशा उंचीवर पोचला, की आता त्याला दुसरी कंपनी उचलून नेणार हे नक्की झालं.

पंख्यांच्या कंपनीच्या चेअरमननी त्याची मुलाखत स्वतः घेतली.

"जुन्या विमानाला पुढे काय फिरायचं?"

"पंखा, साहेब."

"झालं तर मग," चेअरमन म्हणाले आणि पगाराचा आकडा दुप्पट करून कागद त्याच्याकडे सरकवला. धंद्यातली नजर म्हणतात ती हीच.

आल्याआल्या त्याने कंपनीला विमानाची शिस्त लावली. 'तोटा' हा शब्द कागदपत्रांतून हद्दपार झाला. त्याच्या जागी 'नियोजित अवतरण' आलं. विक्री घसरली की ते 'हवेतले खड्डे' ठरू लागले, आणि खड्ड्यांना कोणी जबाबदार नसतं हे सगळेच जाणतात. बैठकीआधी खुर्च्यांच्या पाठी सरळ करायच्या, फोन बंद करायचे, आपत्कालीन दार कुठे आहे ते एकदा बघून ठेवायचं. (बैठकीत झोपलेल्याला उठवू नये, हा नियमही त्याने विमानातूनच आणला. त्याच्या सर्व सुधारणांत तो सर्वाधिक लोकप्रिय ठरला.)

अशी सगळी घडी बसत असताना एके दिवशी चेअरमननी त्याला बोलावलं. चेअरमनना ऑफिसच्या वेळात मासे पाळायचा छंद होता. काचेच्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत ते म्हणाले, "वजन फार झालंय हो कंपनीचं. साठ माणसं उतरवा. तुम्ही विमानात करायचात तसं."

वित्तप्रमुखाने विमानात माणसं कधी उतरवली नव्हती. उतरवायला सांगणारा कागद फक्त वर पाठवला होता. पण अनुभव तो अनुभवच. त्याने कंपनीचा आराखडा भिंतीवर लावला आणि तिचं विमान केलं. काचेच्या मोठ्या दरवाजापाशी विक्री विभाग, म्हणजे नाक. दोन बाजूंना हिशोब आणि खरेदी, म्हणजे पंख. मधे कारखाना, म्हणजे पोट. आणि पार मागे, भंगाराच्या खोलीला लागून, तक्रार निवारण कक्ष. ती शेपटी. चारशे बारा माणसांना त्याने एकच वजन दिलं, प्रत्येकाच्या कामाला त्या वजनाने भागलं आणि उत्तरं चढत्या क्रमाने लावली. ज्याचं उत्तर सर्वांत लहान, तो सर्वांत आधी उतरणार. पद्धत शास्त्रशुद्ध होती, वशिल्याला कुठे फट नव्हती.

पहिलं नाव त्याच्या मेहुण्याचं निघालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेहुण्याला वित्तप्रमुखाने चिकटवलेलं नव्हतं. तो तिथे आधीपासूनच, स्वतःच्या कर्तृत्वाने चिकटलेला होता. थरथरणाऱ्या पंख्यांच्या तक्रारी फोनवर घेणं हे त्याचं काम. कोण्या जुन्या काटकसरीत त्या कक्षाचा फोन तोडला गेला, आणि तेव्हापासून कंपनीकडे एकही तक्रार आलेली नव्हती. मेहुणा मात्र वेळेवर यायचा, टेबल पुसायचा, आणि कंपनीची माहितीपुस्तिका वाचत बसायचा. पुस्तिका त्याला तोंडपाठ झाली होती. भागाकारात पुस्तिकेला गुण नव्हते.

बातम्या कागदाच्या आधी घरी पोचतात. संध्याकाळी वित्तप्रमुख जेवायला बसला, तर बायकोने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला.

"अहो, ऑफिसात माणसं काढताहेत म्हणे."

"उतरवताहेत."

"तेच ते. धाकट्याचं नाव नाही ना त्यात?"

वित्तप्रमुख तोंडातला घास घोळवत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. घोळणाऱ्या घासाचा अर्थ बायकोला कळत होता.

"हे बघा, तुमच्या ऑफिसात मी कधी नाक खुपसलं नाही. पण त्याचं लग्न ठरलंय. तारीख धरलीय. मुलीच्या वडिलांनी एकच विचारलं होतं, नोकरी पक्की आहे ना. आई छातीवर हात ठेवून हो म्हणालीय."

"मी नाही काढलं त्याचं नाव. गणिताने आलंय."

"मग गणिताला सांगा की त्यालाही याच घरात जेवायचंय."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. सासूबाईंनी जावयाशी आजवर मोजून मापून बोलणं ठेवलं होतं. आज मात्र त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, अजून थोडं वाढू ना? तुम्ही खाल्लंच नाही काही. माझा मुलगाही अलीकडे जेवत नाही हो." वित्तप्रमुखाने ताटाची कड घट्ट धरली. विमान कलतं तेव्हा खुर्चीची अशीच धरतात, असं त्याने पुस्तकात वाचलं होतं.

गणित बदलता येत नव्हतं आणि मेहुणाही बदलता येत नव्हता. वित्तप्रमुख केबिनचं दार लावून आराखड्यासमोर उभा राहिला. नाकाकडे नुसती झुंबड. चेअरमनच्या नजरेत राहावं म्हणून प्रत्येक उपव्यवस्थापकाने आपलं टेबल पुढे पुढे सरकवत आणलं होतं. मोठ्या दरवाजाजवळ आता अकरा उपव्यवस्थापक खांद्याला खांदा लावून बसत होते. आणि शेपटीकडे काय? भंगाराची खोली आणि तिच्याशेजारी एकटा मेहुणा. त्यालाही उचलला की शेपटी रिकामी. शेपटी रिकामी झाली की विमान नाकावर. वित्तप्रमुखाला एकदम वाळूची गोणी आठवली. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. विज्ञानाने कुटुंबाला असा हात दिल्याची उदाहरणं फार नाहीत.

संचालक मंडळापुढे त्याने विषय मांडला तेव्हा सभागृह जागं झालं. (नियम मोडून.) त्याने सांगितलं की संस्थेत दोन प्रकारचा भार असतो. एक हलता भार, म्हणजे जे काम करतात ते. कामासाठी ते उठतात, इकडचं तिकडे नेतात, जिने चढतात, भांडतात, आणि दर वेळी तोल सरकवतात. दुसरा स्थिर भार. तो काही करत नाही, म्हणूनच त्याच्यावर विसंबता येतं. हलता भार गरजेप्रमाणे उतरवता येतो; स्थिर भार उतरवणं म्हणजे आत्महत्या. आजवर आपण या माणसांना कामचोर म्हणून हिणवत आलो, खरं तर त्यांनीच आपल्याला जमिनीला समांतर ठेवलं.

मंडळातले सगळे वयस्क संचालक एकदम ताठ बसले. त्यांच्याबद्दल इतकं चांगलं याआधी कोणी बोललं नव्हतं. ठराव एकमताने पास झाला आणि 'स्थिरभार अधिकारी' हे पद निर्माण झालं. सेवाशर्ती थोडक्यात अशा होत्या :

(१) अधिकाऱ्याने नेमून दिलेल्या जागी पूर्ण वेळ बसावे.

(२) पूर्वपरवानगीशिवाय काम करू नये. परवानगी मागण्यासाठी उठू नये.

(३) वजनात पाच टक्क्यांहून अधिक घट आढळल्यास खुलासा द्यावा. वाढ झाल्यास प्रोत्साहन भत्ता मिळेल.

(४) स्थिरभार अधिकाऱ्यास कोणत्याही कारणास्तव कमी करता येणार नाही, मात्र तो काम करताना आढळल्यास त्याच दिवशी उतरवण्यात येईल.

पहिली नेमणूक शेपटीकडच्या एकमेव पात्र उमेदवाराची झाली. मेहुण्याने आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, "भावोजी, म्हणजे मी आता नक्की काय करायचं?"

"आतापर्यंत काय करत होतास?"

"काही नाही."

"तेच. फक्त आता जबाबदारीने."

(त्याच आठवड्यात साठ माणसं उतरवण्यात आली. ती कामाची असल्याने अडचण आली नाही.)

वित्तप्रमुखाने यादी घरी नेली. बायकोने ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली, एक नाव नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की होतं." सासूबाईंनी त्या दिवशी वाढताना विचारलंसुद्धा नाही. थेट वाढलं.

यानंतर जे झालं त्याला कर्मचारी जागृती म्हणावं लागेल. स्थिर भाराला कोणी हात लावू शकत नाही हे कळताच उरलेल्या तीनशे बावन्न जणांतून तीनशेच्या आसपास अर्ज आले. कंपनीच्या इतिहासात एखादा कागद सगळ्यांनी मुदतीत भरून दिल्याची ही पहिलीच वेळ. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाईंनी छाननी समिती नेमली. अर्जदाराने आपण काही करत नाही हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं, आणि इथे भल्याभल्यांची भंबेरी उडाली, कारण काही न करण्याचा पुरावा जमवायला बरंच काही करावं लागतं.

खरेदी विभागातल्या एका ज्येष्ठांनी सात वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं जोडली. त्यांत त्यांचं नाव फक्त 'उपस्थित' या सदराखाली होतं. ते बिनविरोध पात्र ठरले. नियोजन विभागाच्या उपप्रमुखांनी आपल्या वरिष्ठांचं पत्र आणलं : 'यांच्या दीर्घ रजेच्या काळात विभागाच्या कामकाजात कोणताही फरक आढळून आला नाही.' पत्र त्यांनी समितीला दोनदा वाचून दाखवलं. याउलट एका कारकुनाची मुलाखत उत्तम चालली असताना कोणीतरी दारातून डोकावून विचारलं, वरच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, आणि त्या बिचाऱ्याने सवयीने सांगून टाकलं. समितीने शेरा मारला : 'उमेदवाराची उपयुक्तता उघड झाली. अपात्र.' उपव्यवस्थापक अकराच्या अकरा पहिल्या फेरीत निवडले गेले. त्यांच्याकडून कोणी पुरावा मागितलाच नाही, ती समितीची सौजन्यबुद्धी.

अन्याय झाला असेल तर तो एकट्या प्रमुख बाईंवर. अर्ज तपासता तपासता त्यांना आयुष्यात पडलं नव्हतं इतकं काम पडलं, आणि त्यांच्या स्वतःच्या अर्जावर त्यांनाच 'अपात्र' लिहावं लागलं. बाईंनी ते गिळलं, पण त्यानंतर नियमाला त्या फार पक्क्या झाल्या.

शेवटी दोनशे अठ्ठ्याण्णव स्थिरभार अधिकारी आणि काम करणारे चौपन्न अशी विभागणी झाली. (हे चौपन्न जण अतिशय हळू काम करत, म्हणजे पुढच्या फेरीत तरी नंबर लागावा.) परिणाम तत्काळ दिसले. पंखे कमी बनू लागले, त्यामुळे सदोष पंखेही कमी बनू लागले, आणि कंपनीला गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला. कच्चा माल कमी लागू लागला म्हणून काटकसरीचा मिळाला. यंत्रं बंद असल्यामुळे अपघात झाले नाहीत, तोही एक मिळाला. गुंतवणूकदार म्हणाले, अशी ठाम उभी असलेली कंपनी आम्ही पाहिली नाही. यात खोट काढायला जागा नव्हती. ती खरोखर ठाम उभी होती. एका व्यापारी मासिकाने वित्तप्रमुखाची मुलाखत छापली आणि सोबत, त्याची हरकत नसताना, वैमानिकाच्या टोपीचं चित्र.

बिघडलं ते शेपटीकडे.

नुसतं बसणं हा प्रकार बोलायला सोपा आहे. पुढच्या मंडळींनी त्यात उभी हयात घालवलेली. खुर्चीत शिरले की ते खुर्चीशी एकजीव होऊन जायचे. मेहुण्याला आजवर निदान फोन येईल अशी आशा असायची. आता बसणं हेच काम झाल्यावर त्याच्या अंगाला मुंग्या यायला लागल्या. अशात एक दिवस मागच्या फाटकातून एक निवृत्त शिक्षिका आत आल्या. काखेत जुन्या चादरीत बांधलेला पंखा, त्याच कंपनीचा.

"फोन लागत नाही तुमचा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "म्हटलं स्वतःच जावं. हा पंखा असा थरथरतो, की त्याच्याखाली झोपले तर वाटतं हा माझ्या आधी जाणार की मी याच्या आधी."

"बाई, मला काम करायची परवानगी नाही."

"मग कोणाला आहे?"

मेहुण्याने विचार केला. पुढे मोठ्या दरवाजापर्यंत नजर टाकली. दोनशे सत्त्याण्णव माणसं स्थिर होती.

पंखा थरथरतो तेव्हा बहुधा एक पातं बाकीच्यांहून किंचित हलकं असतं. त्याच्यावर शिशाचा लहानसा तुकडा चिकटवला की झालं. हे काही गुपित नाही, कंपनीच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेलं आहे. मेहुण्याने भंगारातून तुकडा आणला, स्टूल ओढून वर चढला, छताच्या कडीला पंखा टांगला आणि तुकडा पात्यावर चिकटवला. पंखा गुपचूप फिरू लागला. बाई वर बघत म्हणाल्या, "शाळेत तुझ्यासारख्या पोरांना मी ढ म्हणायची." त्यांनी हे ज्या मायेने म्हटलं, ती माया मेहुण्याला कंपनीत कधी मिळालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघं आले. महिना उलटेपर्यंत मागच्या फाटकाशी पंखे कडेवर घेतलेल्या माणसांची रांग लागू लागली.

मनुष्यबळाच्या प्रमुख बाईंनी नेमलेल्या स्थैर्य दक्षता पथकाने त्याला स्टुलावर पकडलं. फोटो निघाला, आरोपपत्र तयार झालं. आरोप चार होते : उभा राहिला, हात वर केले, कंपनीने बनवलेली वस्तू हाताळली आणि ग्राहकाचं समाधान केलं. कलम चारप्रमाणे त्याच दिवशी उतरवायचा होता. नातेसंबंध लक्षात घेता चेअरमनपुढे दुसऱ्या दिवशी सुनावणी ठेवली.

सुनावणीआधी मेहुणा वित्तप्रमुखाच्या केबिनमध्ये आला आणि दाराशीच उभा राहिला.

"बस की."

"नको भावोजी. बसून बसूनच हे झालं."

"अरे, अडीचशे-तीनशे माणसं बसतात, तुलाच काय काटे टोचत होते? लग्नापर्यंत तरी कळ काढायचीस."

"काढली ना. मग पाय आपले आपण उठायला लागले. तुम्ही कधी नुसतं बसून बघितलंय?"

वित्तप्रमुखाने नजर भिंतीकडे वळवली. त्याचा निम्मा दिवस भिंतीवरचा आराखडा बघण्यात जायचा, पण त्याची गणना त्याने कधी कोणत्या प्रकारात केलेली नव्हती.

"ताई काय म्हणाली?" मेहुण्याने विचारलं.

"काही नाही म्हणाली. म्हणूनच काळजी आहे."

सुनावणीत बाईंनी फाइल उघडली. फोटो टेबलावर ठेवला. त्यात मेहुण्याचे दोन्ही हात वर होते आणि चेहऱ्यावर, आरोप आणखी गंभीर व्हावा असं, समाधान होतं.

चेअरमननी फोटो बराच वेळ पाहिला. मग जो प्रश्न कोणी विचारू नये असा वित्तप्रमुख आतून धावा करत होता, तोच विचारला. "हा महिनाभर हलत होता म्हणता. मग कंपनी कलंडली कशी नाही? की तुमचं ते वजनाचं सगळं..." त्यांनी हाताने हवेत काहीतरी उडून गेल्याची खूण केली.

आता टेबलावर दोन नोकऱ्या होत्या. मेहुण्याला उतरवला तर सिद्धांत वाचत होता आणि घर जात होतं. मेहुण्याला ठेवला तर घर वाचत होतं, पण मग हलणारा माणूस ठेवूनही कंपनी सरळ राहते हे मान्य करावं लागणार, म्हणजे सिद्धांत जाणार, त्याच्या पाठोपाठ मासिकातलं टोपीचं चित्र. वित्तप्रमुखाने पाण्याचा घोट घेतला. खोल गेलेल्या माणसाला कधी कधी तळ मदत करतो.

"बाई, यांनी काम केलं असं आपण म्हणता. तक्रार नोंदलेली आहे?"

"नाही. फोन बंद आहे."

"काम करा असा आदेश?"

"नाही."

"कंपनीला काही उत्पन्न?"

"शून्य. पैसेच घेतले नाहीत यांनी."

"तक्रार नाही, आदेश नाही, उत्पन्न नाही. मग काम कुठे झालं?"

बाई गोंधळल्या. "पण पंखे नीट झाले ना."

"तो त्या त्या लोकांचा घरगुती प्रश्न आहे."

"मग हे स्टुलावर चढून काय करत होते?"

"छंद," वित्तप्रमुख म्हणाला.

टाकीतला एक मासा वळून काचेपाशी आला. चेअरमननी त्याच्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूत उमटली.

"छंद माणसाला असावा," ते म्हणाले. "छंदाने काही तोल जात नाही. मी इतकी वर्षं इथे आहे."

बाई मात्र नियमाच्या पक्क्या. त्यांनी निर्णयात एक अट घालून घेतली. स्वतःच्या कंपनीचे पंखे दुरुस्त करणं हे कोणत्याही अर्थाने काम ठरू शकतं, सबब मेहुण्याने यापुढे केवळ इतर कंपन्यांच्या पंख्यांवरच छंद करावा. मेहुण्याने मान्य केलं. तेव्हापासून त्या कक्षात प्रतिस्पर्ध्यांचे पंखे उत्तम दुरुस्त होऊन मिळतात, आणि लोक पंखा घेतानाच विचार करून प्रतिस्पर्ध्यांचा घेतात. आपल्या कंपनीचा खप त्यामुळे आणखी कमी झाला असून सदोष पंख्यांचं प्रमाण शून्यावर आलं आहे. (पुढच्या वर्षीचा गुणवत्ता पुरस्कार निश्चित समजला जातो.) जुन्या शिक्षिका अधूनमधून येतात, पंखा न घेता, नुसत्या गप्पा मारायला. त्याला हरकत नाही, त्या कर्मचारी नाहीत.

लग्न ठरल्या तारखेला झालं. मुलीच्या वडिलांनी शेवटच्या बोलण्यात विचारलं होतं, "हुद्दा स्थिरभार अधिकारी, ते ठीक. पण काम काय असतं?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही." ते गृहस्थ अतिशय समाधानाने मान हलवत म्हणाले, "म्हणजे बरीच मोठी पोस्ट आहे." वित्तप्रमुखाला कंपनीच्या मूळ उद्योगसमूहाच्या मुख्य संचालक मंडळावर घेतलं, तिथे त्याला काय करायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि तो विचारायला उठलेलाही नाही. बायको खूश आहे. घास घोळवणं थांबलं आहे.

असं सगळं गोड झालं. मेहुण्याची नोकरी वाचली तेव्हा तुमचा जीव भांड्यात पडला असेल. पडलाच पाहिजे, गरीब माणूस, लग्न तोंडावर आलेलं. आम्ही तरी त्याच्यासाठीच एवढी पानं खर्ची घातली. साठ जणांना मात्र एका कंसात दोन ओळींत उतरवलं, आणि तुम्ही त्या ओळी ओलांडून पुढे आलात. त्यांच्यातल्या कोणाचं लग्न ठरलेलं होतं का, कोणाची आई छातीवर हात ठेवून कोणाला काय म्हणाली होती, हे तुम्ही विचारलं नाहीत. बायकोने यादी खालून वर वाचली तिथे तर तुम्ही हसलातसुद्धा. यात तुमचं काही चुकलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. एक मेहुणा जवळचा धरायचा आणि बाकी सगळ्यांचं वजन सरासरीने लावायचं, याला वित्त व्यवस्थापनाची उपजत जाण म्हणतात, आणि ती संध्याकाळच्या वर्गात शिकून येत नाही. कंपनीला अशा माणसांची कायम गरज असते. तुम्ही अर्ज कराच. साठ जागा रिकाम्या आहेत.